पाळतीविषयी आमदार-खासदारांना नेमके काय विचारावे

यवतमाळ जिल्ह्यातील एका सदस्याने विचारले आहे की, हिवाळी अधिवेशनापूर्वी गावात आमदारांचा जनसंवाद कार्यक्रम असून तेथे फोन टॅपिंग, रोजगार हमीच्या कामावर काढले जाणारे फोटो आणि एकूणच सरकारी पाळत यांविषयी बोलण्याचा गावातील तरुणांचा विचार आहे. मात्र "हे दिल्लीचे विषय आहेत, तुम्ही पांदण रस्त्याचे बोला" असे म्हणून बोळवण होईल, अशी त्यांना धास्ती वाटते. धास्ती रास्त आहे. लोकप्रतिनिधींकडे निवेदने घेऊन जाणाऱ्यांपैकी मी एक असल्याने सांगतो की, ढोबळ प्रश्नाला ढोबळच उत्तर मिळते.

"आमच्यावर पाळत का ठेवता?" असे विचारले की "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे" हे एकच वाक्य उत्तराला पुरते आणि सभेतील निम्मे लोक त्यावर मान डोलावतात. म्हणून कोणाचा फोन ऐकला जातो हे विचारूच नये. गेल्या वर्षभरात टॅपिंगचे किती आदेश निघाले, ते कोणत्या अधिकाऱ्याने काढले, असे आदेश नंतर तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीने त्यांपैकी किती तपासले आणि किती रद्द केले, हे विचारावे. आकडा सांगितल्याने कोणताही गुन्हेगार सावध होत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने माहितीच्या अधिकारातील एका अर्जाला उत्तर देताना, केंद्र सरकार महिन्याला सरासरी 7,500 ते 9,000 टॅपिंगचे आदेश काढते, असे पूर्वी स्वतःच सांगितले होते. माहिती संरक्षणाच्या कायद्याचा विचार करण्यासाठी केंद्राने नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 च्या आपल्या अहवालात त्यावरून पुढचा हिशेब मांडला: पुनर्विलोकन समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होते, म्हणजे एकेका बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश तपासावे लागतात. एका बैठकीत इतके कागद कोण वाचणार, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

आता "दिल्लीचा विषय" या सबबीकडे वळू. दूरसंचार हा केंद्राचा विषय असला तरी पोलीस राज्यसूचीत आहेत, आणि राज्याच्या यंत्रणांनी करावयाच्या टॅपिंगचा आदेश राज्याच्या गृह सचिवांच्या सहीने निघतो. दूरसंचार अधिनियम, 2023 च्या कलम 20 खाली डिसेंबर 2024 मध्ये जे नियम आले, त्यांनुसार असा आदेश एका वेळी 60 दिवसांपर्यंत आणि मुदतवाढीसह जास्तीत जास्त 180 दिवसांपर्यंत चालतो, आणि तो तपासणाऱ्या राज्यस्तरीय समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. म्हणजे सही मंत्रालयातली आणि तपासणीही मंत्रालयातलीच. न्यायाधीश कोठेच नाही. हा कारभार राज्याच्या गृह विभागाचा असल्यामुळे आमदारांनी त्याबद्दल विचारणे पूर्णपणे त्यांच्या अधिकारात बसते.

विदर्भासाठी यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. दुर्गम भागात गृह सचिवांची पूर्वमंजुरी मिळवणे शक्य नसेल, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला स्वतः आदेश काढता येतो. तो सात कामकाजी दिवसांत वरून कायम झाला नाही, तर टॅपिंग थांबवावे लागते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ही तरतूद किती वेळा वापरली गेली आणि किती आदेश मुदतीत कायम झाले नाहीत, हा प्रश्न कोणाही व्यक्तीचे नाव न घेता विचारता येतो.

सत्ताधारी असोत वा विरोधक, आमदारांना हा विषय परका नाही, याची आठवण नम्रपणे करून द्यावी. आपला फोन खोट्या नावाखाली टॅप केला गेला, असा आरोप साकोलीचे नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेतच केला होता आणि त्यावर चौकशीही नेमली गेली. पुढे त्यासंबंधीचा गुन्हा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केला, हेही सांगावे. अर्धी गोष्ट सांगणाऱ्याची बाजू भर सभेत उघडी पडते.

कायद्याचा आधार थोडक्यात सांगावा. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले, आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे निकष घातले. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील टॅपिंगचे आदेश बेकायदा ठरवून ते ध्वनिमुद्रण नष्ट करायला सांगितले. यापुढे निवाड्यांची जंत्री लावू नये, कारण लोक कंटाळतात.

माझ्या मते मुख्य भर मात्र गावात डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींवर द्यावा. नाला खोलीकरणाच्या कामावर मेट (मजुरांची हजेरी घेणारा मुकादम) सकाळी सगळ्या मजुरांना ओळीने उभे करतो, बायांना पदर मागे घ्यायला सांगतो, हजेरीच्या सरकारी ॲपवर फोटो काढतो आणि रेंज मिळेपर्यंत फोन वर धरून बांधावर फिरत राहतो. दुपारी पुन्हा तेच. फोटो चढला नाही, तर त्या दिवसाच्या मजुरीचा वांधा होतो. (जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले की, या ॲपवर कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोवरून काढलेले फोटोसुद्धा चढवले जात आहेत. म्हणजे पाळत राबणाऱ्यावर, आणि लबाड मात्र मोकळा.) अंगणवाडीत 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी आईचा चेहरा फोनपुढे धरावा लागतो. हे फोटो किती काळ ठेवले जातात, ते कोण पाहू शकतो, चेहरा जुळला नाही तर आहार कोणत्या लेखी नियमाने नाकारला जातो, आणि ही माहिती पोलिसांकडे जाते का? शेवटच्या प्रश्नाला कारण आहे: राज्य शासनाने 2024 मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हेल' ही कंपनी नागपुरात स्थापन केली आहे. तिला कोणकोणत्या विभागांची माहिती मिळते, असे नुसते विचारावे. आपल्याकडे पुरावा नसताना ती मिळतेच, असे म्हणू नये.

खासदारांसाठी वेगळा कागद करावा. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यातील कलम 17(2) नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून त्या कायद्यातून वगळू शकते, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ञ) बदलले, ज्यामुळे वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देण्याची त्या कलमातील वाट गेली. तुम्ही वणी किंवा आर्णी विधानसभा मतदारसंघात राहत असाल, तर जिल्हा यवतमाळ असला तरी तुमचे खासदार चंद्रपूरचे आहेत, हे पत्ता लिहिताना ध्यानात ठेवावे.

कार्यक्रमात एकाच व्यक्तीने, शक्यतो कामावर जाणाऱ्या बाईने, दोन प्रश्न विचारावेत. बाकीचे लेखी निवेदनात द्यावेत आणि त्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी. तोंडी आश्वासनाला टाळ्या मिळतात, नोंद मिळत नाही. म्हणून निवेदनाच्या शेवटी स्पष्ट मागणी लिहावी की, आमदारांनी हे मुद्दे तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) किंवा अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न म्हणून द्यावेत. प्रश्नांची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तोंडावर गेलेले निवेदन त्या खेपेला वाया जाते. आमदारांनी मनावर घेतले नाही, तर अमरावती विभागातील पदवीधर व शिक्षक मतदारसंघांचे विधान परिषद सदस्यही हेच प्रश्न विचारू शकतात, आणि गावातील नोंदणीकृत पदवीधर हे त्यांपैकी पदवीधर मतदारसंघाचे मतदार आहेत. मंत्र्यांनी सभागृहात "माहिती घेऊन सांगतो" असे म्हटले, तर ते आश्वासन ठरते. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवून पुढील अधिवेशनापूर्वी आमदारांमार्फत विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करावा.