समोरच्याच्या खिशात कोणती माहिती आहे?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. यूएफसीची, म्हणजे त्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेची, एकही लढत चुकवत नाहीस, कोणाचा गार्ड कुठे ढिला पडतो ते झोपेतही सांगशील, म्हणून आता ठिकाण लपवणारं व्हीपीएन लावून परदेशी प्रेडिक्शन मार्केटवर, म्हणजे निकालांवर पैसे लावायच्या बाजारात, खातं उघडायचंय.

आधी कायद्याचं उरकून टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे. कौशल्य की नशीब, हा जुना वादच निकालात काढला. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही, असं तू म्हणशील. बरोबर. पण असे व्यवहार करायला बँकेलाही मनाई आहे, आणि तिकडे पैसे अडकले तर इथे बडोद्यात रावपुऱ्याच्या पोलिसांना काय सांगणार? म्हणून खातं नको, वही काढ.

आता खरा मुद्दा. 'अमुक जिंकेल' हा करार ६० सेंटला मिळतोय, म्हणजे बाजार त्याला शंभरात साठ संधी देतोय. जिंकला तर डॉलर, नाहीतर शून्य. तुझ्या मते संधी साठापेक्षा बरीच जास्त, समजा ६६, असेल तरच घेण्यात अर्थ, आणि हा सहाचा आकडा तू कुठून आणलास ते वहीत लिहिता आलं पाहिजे. 'मला वाटतं' चालणार नाही. त्यात छोट्या लढतींना गिऱ्हाईक कमी. घ्यायला गेलास तर ६०, लगेच विकायला गेलास तर ५६. चार तिथेच गेले, वर फी.

किती लावायचे यासाठी जॉन केली या अमेरिकन संशोधकाचं १९५६ चं सूत्र आहे. या उदाहरणात फायद्याचे ६ भागिले उरलेले ४०, म्हणजे भांडवलाचे १५ टक्के. जाणती माणसं त्याचा पाव हिस्साच लावतात, कारण ६६ हा आकडा शेवटी आपणच काढलेला असतो.

निकालाचे नियमही वाच. डिसेंबर २०१८ मध्ये वाइल्डर आणि फ्युरीची बॉक्सिंग लढत बरोबरीत सुटली. अशा वेळी 'फ्युरी जिंकेल'वाल्याचे सगळे पैसे जातात की अर्धे परत मिळतात, हे पूर्णपणे करारातल्या शब्दांवर ठरतं.

आणि एक सांगतो, जरा खाजगी आहे. दांडिया बाजारच्या आखाड्यात जायचो त्या काळात गावाकडच्या कुस्त्यांच्या एका दंगलीत मी आमच्या पहिलवानावर पन्नास रुपये लावले होते. वर्षभर त्याची प्रत्येक कुस्ती पाहिलेली, त्यामुळे खात्री होती. पैज लावायला पुढे आला तो तेलाची वाटी गरम करणारा पोरगा. मी हसलो. नंतर कळलं, फडात उतरण्याआधी पहिलवानाने गुडघ्याचा पट्टा सोडून, गुंडाळून पिशवीच्या तळाशी कोंबला होता, आणि तो सोडायला मदत याच पोराने केली होती. चौथ्या मिनिटाला आमचा गडी चीत.

मोठ्या बाजारातही हेच: समोर पैसे लावणाऱ्याला आपल्याला ठाऊक नसलेलं काही ठाऊक असू शकतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये लास व्हेगासच्या एका यूएफसी लढतीआधी काही तासांत भाव अचानक एका बाजूला झुकला. हरलेल्याचा गुडघा आधीपासून दुखावलेला होता, आणि ते त्याने लपवलं होतं. पुढे नेवाडाच्या क्रीडा आयोगाने त्याला निलंबित केलं. दोन माणसांच्या खेळात एकच गुडघा पुरतो. क्रिकेटमध्ये निदान उरलेले दहा असतात. म्हणून कारण न कळता भाव हलला, तर 'स्वस्त मिळतंय' म्हणून धावू नकोस.

वहीत शंभर लढती लिही: भाव, तुझा आकडा, कारण, निकाल. ज्यांना तू सत्तर दिलेस त्यांतले खरोखर किती जिंकले ते मोज. तीस-चाळीस नोंदी झाल्या की रविवारी सकाळी घेऊन ये, सेव उसळ खात बघू. आणि वही दोनशे पानी घे, कारणं लिहायला जागा लागते.

तुझा,
काका