भूतानने जंगलं राखण्यासाठी अनुदानाऐवजी कायमचा निधी का उभारला?

कारण अनुदान तीन-चार वर्षांत संपतं, जंगल राखायचं काम संपत नाही. वनरक्षकाला दर महिन्याला पगार लागतो, पावसाळ्याआधी बूट लागतात, बर्फातल्या गस्तीला तंबू आणि शिधा लागतो. प्रकल्प बंद झाला की सगळ्यात आधी गस्त थांबते, आणि शिकाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून १९९१ मध्ये भूतान सरकार, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी मिळून पर्यावरण संवर्धन ट्रस्ट फंड स्थापन केला. अशा प्रकारचा जगातला हा पहिला निधी मानतात. देणगीदार देश आणि जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ, पर्यावरणाच्या कामांना पैसा देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांच्याकडून सुमारे २ कोटी डॉलर जमले. आपल्याकडे देवस्थानात कायम ठेव ठेवतात ना, तसंच: मुद्दल गुंतवायचं, खर्च उत्पन्नातून. सुरुवातीला बराच पैसा वन खात्याची माणसं घडवण्यावर गेला, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच. नकाशावर अभयारण्य आखणं सोपं असतं, ते ओळखणारी माणसं तयार करायला वर्षं लागतात.

कमतरता एकच, पण मोठी: व्याज मुद्दलाच्या मानाने थोडंच असतं. त्यामुळे २०१७ मध्ये ‘भूतान फॉर लाइफ’ हा वेगळा निधी आला. यात देणगीदारांचे ४ कोटी ३० लाख डॉलर १४ वर्षांत मुद्दलासकट खर्च करायचे, आणि त्या काळात सरकारने आपला वाटा वाढवत न्यायचा. देशाचं निम्म्याहून थोडं जास्त क्षेत्र संरक्षित आहे. ६० टक्के भूमी कायम वनाखाली ठेवायचं बंधन राज्यघटनेतच आहे.