परदेशी निघताना : रोकड, औषधं आणि बुटाची माती

प्रश्न : आम्ही चौघं अमेरिकेला जाणार आहोत आणि येताना आठवडाभर जर्मनीत राहणार आहोत. जवळ १२ हजार डॉलर रोख असतील. चौघांत वाटून घेतले की कुठेच सांगावं लागत नाही, असं कळलं. बरोबर आहे का?

उत्तर : अमेरिकेपुरतं तरी हे साफ चूक आहे, आणि ही चूक फार महागात पडते. तिथे १० हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड आणताना किंवा बाहेर नेताना ‘फिनसेन १०५’ हा फॉर्म भरावा लागतो. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रोकड एकत्रच मोजतात. प्रत्येकाच्या खिशात ३ हजार असले तरी बेरीज १२ हजारच. युरो, येन, ट्रॅव्हलर्स चेक हेही त्यात धरतात. कितीही पैसे नेले तरी बंदी नाही, फॉर्मला शुल्क नाही, त्या रकमेवर करही लागत नाही. मग लपवायचं कशासाठी? न सांगितल्यास वरचे २ हजारच नव्हे, सगळी रक्कम जप्त होऊ शकते. फॉर्म टाळण्यासाठी मुद्दाम रक्कम विभागणं हा तर वेगळा गुन्हा आहे.

परतताना लोक हमखास विसरतात. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारणारी खिडकीच नसते, त्यामुळे आठवण करून द्यायला कुणी नसतं. विमानात शिरण्याच्या पुलावर मात्र कस्टम्सचे अधिकारी अधूनमधून तपासणी करतात आणि ‘किती रोकड आहे?’ असं थेट विचारतात. तेव्हा १० हजारांच्या वर रक्कम उरली असेल, तर निघण्याआधीच ऑनलाइन फॉर्म भरून टाका. बँकेतून पैसे काढल्याची पावती नोटांसोबतच ठेवा.

युरोपीय संघात हिशेब माणशी होतो. मर्यादा ‘१० हजार युरो किंवा त्याहून जास्त’ अशी आहे, म्हणजे बरोबर १० हजार असले तरी सांगावं लागतं. तुम्हा चौघांचे प्रत्येकी ३ हजार डॉलर त्यात बसतात. पण ३ जून २०२१ पासून किमान ९० टक्के सोनं असलेली नाणी आणि ९९.५ टक्के शुद्धतेच्या लगडीही ‘रोकड’ धरल्या जातात, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : जपानला जाताना सर्दीच्या गोळ्या आणि इन्सुलिन नेता येईल का?

उत्तर : इन्सुलिन महिन्याभराचं असेल तर अडचण नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. तिच्यावर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवंच, कारण ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं आणि अधिकाऱ्याला त्यावरून काहीच कळत नाही. महिन्याहून जास्त साठा न्यायचा असेल, तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हे आयात प्रमाणपत्र निघण्यापूर्वी मिळवावं लागतं.

खरा धोका साध्या वाटणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचा आहे. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये आणायला बंदी आहे. पाकिटामागचे घटक वाचा. हे नाव दिसलं आणि प्रमाणाची खात्री नसेल, तर ती गोळी घरीच ठेवा. गोळ्या मूळ पाकिटातच न्या. डबीत सुट्या भरलेल्या गोळ्या कशाच्या आहेत, हे विमानतळावर सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं.

प्रश्न : न्यूझीलंडला उतरताना विमानात मिळालेलं सफरचंद पिशवीत राहिलं तर खरंच दंड होतो?

उत्तर : होतो, ४०० न्यूझीलंड डॉलर, तोही जागच्या जागी. फळ कुठून आलं याला तिथे महत्त्व नाही. प्रवासी घोषणापत्रात लिहिलंत तर फळ काढून घेतील, पण दंड करणार नाहीत. तपासणीआधी टाकून देण्यासाठी डबेही ठेवलेले असतात, तिथवर पिशवीचे सगळे कप्पे एकदा चाचपा. खाण्यापेक्षाही लोक विसरतात ते ट्रेकिंगचे बूट. वापरलेले बूट आणि तंबू घोषणापत्रात लिहावेच लागतात. तळव्याच्या खाचांत अडकलेल्या मातीतून बिया आणि रोगजंतू येतात, म्हणून अधिकारी बूट उलटे करून पाहतात. निघण्याआधी जुन्या ब्रशने खाचा घासा, धुवा आणि पूर्ण वाळवूनच बॅगेत भरा. ओल्या बुटाला चिकटलेली माती वरवर पाहून दिसत नाही.

प्रश्न : मागच्या इंग्लंडवारीतल्या २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा घरात आहेत. त्या चालतील?

उत्तर : दुकानात नाही. ३० सप्टेंबर २०२२ नंतर त्यांचं चलन संपलं. आता तिथे पॉलिमरच्या नोटा चालतात. पण पैसे बुडालेले नाहीत. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा बदलून देते, आणि त्याला मुदत नाही.