टिन व्हिसल: पहिली नळी कापण्याआधी

टिन व्हिसल म्हणजे तोंडाने फुंकायची, सहा भोकांची छोटी धातूची बासरी. पहिली व्हिसल डी पट्टीचीच करा, म्हणजे सगळ्यात खालचा सूर डी असलेली. आयरिश सुरावटींना तीच लागते. आतून साधारण 12 ते 13 मिमी व्यासाची पितळी नळी घ्या. खिडकीच्या, म्हणजे तोंडाजवळच्या चौकोनी भोकाच्या, धारेपासून (फुंक जिच्यावर आपटते ती कड) खालच्या टोकापर्यंत सुमारे 27 सेंमी लांबी लागते, पण कापताना सेंटिमीटरभर जास्त ठेवा. कानशीने सूर चढवता येतो, उतरवता येत नाही.

सगळी गोम खिडकीत असते. तिची लांबी 5 मिमीच्या आसपास ठेवा. फार आखूड झाली तर खालचे सूर जरा जोरात फुंकताच वरच्या सप्तकात उडतात. फार लांब झाली तर वरचे सूर काढताना दम लागतो. लाकडी गुट्टा, म्हणजे तोंडाकडचं टोक बुजवून फुंकेला अरुंद वाट ठेवणारा ठोकळा, घट्ट बसवा. बाजूने हवा निसटली की आवाज फुसफुसतो, आणि नवखे लोक विनाकारण धार घासत बसतात.

सहा भोकं आधी लहान पाडा. खालून वर जात एकेक भोक कानसून सुरात आणा, ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावून. त्याआधी व्हिसल हातात धरून कोमट करा: तापमान 1 अंशाने बदललं तरी सूर सुमारे 3 सेंट सरकतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग).

संग्रहासाठी क्लार्क कंपनीच्या व्हिसलपासून सुरुवात करा. 1843 पासूनचं हे इंग्लिश घराणं. पत्रा वळवून केलेली निमुळती नळी, लाकडी गुट्टा, किंमतही आवाक्यातली. फार जुन्या व्हिसलमध्ये मात्र गुट्टा शिशाचा असू शकतो. ती कपाटातच शोभते, ओठांना लावू नका.