आईचं कपाट आवरायचंय, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न : नमस्कार ताई, डोंबिवलीहून लिहितेय. आई जाऊन पाच महिने झाले, बाबा त्याच्या आधीच गेले. आता आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये आणि नोव्हेंबरअखेर फ्लॅट रिकामा करून द्यायचाय. दोन खोल्यांत अख्खा संसार भरलाय, पितळेची भांडी, आईच्या साड्या, बाबांची पुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, देवघर. दादा कॅनडात आहे, तो म्हणतो तुला वाटेल ते कर, पण वहिनी म्हणते आम्ही डिसेंबरात येतोय तोवर कशाला हात लावू नका. धाकटी बहीण नाशिकला, कपाट उघडलं की ती रडायलाच लागते आणि काही द्यायचं नाही म्हणते. शेजारच्या काकू सांगतात गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. माझं स्वतःचं घर वन बीएचके. एकटीने सगळं केलं तर उद्या बोल मलाच लागणार. काय करू?

उत्तर : अगं, आधी तू एकटीने करायचं हे डोक्यातून काढ. या सदराकडे अशी पत्रं नेहमी येतात आणि त्यात भावंडांचं बोलणं बंद झालेलं असतं ते बहुतेक वेळा कोणीतरी परस्पर काहीतरी देऊन टाकलं म्हणून, आणि ती वस्तूही काही मोठी नसते, आईची विळी, बाबांचं मनगटी घड्याळ, असलंच काहीतरी. त्यामुळे दादाचं "तुला वाटेल ते कर" हे उत्तर धरूच नकोस. एका रविवारी तिघांनी व्हिडिओ कॉल लावा, वहिनीलाही बसव, आणि त्याआधी प्रत्येक कप्प्याचे फोटो काढून ग्रुपवर टाक. ज्याला जे हवं ते त्याने अमुक तारखेपर्यंत लिहून कळवायचं. वहिनीचं म्हणणं चुकीचं नाही, पण बिल्डरची तारीख काही थांबणार नाही, म्हणून ज्यावर तिघांपैकी कोणाचाही जीव आहे ते खोक्यात भरून, वर नाव लिहून, डिसेंबरपर्यंत कुठेतरी ठेवायचं. फर्निचर, गाद्या, फ्रिज यांचा निर्णय मात्र आत्ताच घ्यावा लागेल.

आणि द्यायच्या आधी शोधायचं. आपल्या आया पैसे आणि कागद कुठे ठेवतात हे तुला मी सांगायला नको. तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, पोथीच्या पानांत, देवाच्या तसबिरीमागे, फळीवर अंथरलेल्या पेपरखाली. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एकेक पुस्तक उलटं धरून झटकून बघ. एफडीच्या पावत्या, पोस्टाची पासबुकं, लॉकरची किल्ली, जुनी शेअर सर्टिफिकेटं, सगळं एका फाइलीत घाल. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या फंडात पाठवतात, त्या शोधायला २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे, तिथे आईबाबा दोघांचीही नावं टाकून बघ. सात वर्षं डिव्हिडंड न घेतलेले शेअर्स आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात, पण वारसांना ते परत मागता येतात, वेळ लागतो इतकंच. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच जादा प्रती काढून ठेव, प्रत्येक ठिकाणी लागतात.

सोन्याचं आणि फ्लॅटचं वेगळं सांगते कारण गोंधळ तिथेच होतो. नॉमिनीत तुझं नाव आहे म्हणून ते तुझं झालं असं नसतं, नॉमिनी हा फक्त ताब्यात घेणारा, मालकी वारसांची. आईने मृत्यूपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्हा तिघांचा वाटा सारखा, लग्न झालेल्या मुलींचाही. बहिणींनी भावाला हक्कसोड, म्हणजे आपला वाटा लेखी सोडून, द्यायची आपल्याकडे रीतच पडलीये, पण ती सक्ती नाही आणि मनात नसताना फक्त वाईट दिसेल म्हणून सही करू नका, दोघींनीही. दागिने सोनाराकडून वजन करून घे, फोटोसकट यादी ग्रुपवर टाक, मग वाटा. ज्या मंगळसूत्रात किंवा बांगडीत तिघांचाही जीव अडकलाय तिची किंमत काढून एकाने ठेवावी आणि दुसऱ्यांना दुसरं काही द्यावं, मोडून तीन तुकडे करू नका गं.

आता कपडे. काकू प्रेमाने सांगत असतील, पण आईची साडी घरात ठेवली म्हणून कोणाचं वाईट होत नाही. तेराव्याला शय्यादान करतात, त्यात गेलेल्या माणसाच्या वापरातलं गरजूला द्यायची पद्धत आहेच, म्हणजे देणं आपल्याकडे मान्य आहे, फेकून द्यायला कोणी सांगितलेलं नाही. रोजच्या सुती साड्या मऊ झालेल्या असतात, त्यांच्या गोधड्या शिवून घे, तिघांच्या घरी एकेक. पुण्यात, सातारा-सांगलीकडे गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. नाशिकच्या बहिणीला सगळ्यात आधी गोधडी दे, तिला काही द्यायचं नाही असं वाटतंय ना, तिच्या बाबतीत याने खूप फरक पडेल असं मला मनापासून वाटतं. चांगल्या स्थितीतल्या बाकीच्या साड्या गूंजसारख्या संस्था घेतात, धुऊन इस्त्री करून द्यायच्या, फाटकं देऊ नये. पैठणी किंवा खऱ्या जरीची साडी असेल तर जुन्या जरीची खरेदी करणाऱ्याला पटकन देऊ नकोस. तो ती जाळून चांदी काढतो आणि साडी संपते. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेव, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नकोस, काळी पडते, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदल.

भांडी मोडीत घालायच्या आधी प्रत्येकाचं बूड आणि काठ बघ. लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, कोणी दिलं, कोणाला दिलं, कुठल्या साली, कधी "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ". एखाद्या पातेल्यावर आजीच्या माहेरचं आडनाव सापडतं जे घरात कोणालाच आठवत नसतं. सगळ्या नावांचे फोटो काढ, मग जे स्वयंपाकात खरंच वापरलं जाईल तेवढं ठेव, पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ता, एखादी परात. बंब आणि घंगाळ वन बीएचकेत ठेवून तू काय करणार, कुंड्या करून गॅलरीत ठेवशील आणि हिरवे डाग घासत बसशील, त्यापेक्षा हवंय असं म्हणणाऱ्या चुलत-मावस घरात जाऊ दे. जुने अडकित्ते किंवा दिवे असतील तर म्युझियमलाही विचारता येतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशाच घरगुती वस्तू आहेत, केळकरांनी त्या आयुष्यभर गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. अर्थात कुठलंही म्युझियम सगळं घेत नाही, आधी फोटो पाठवायचे.

पुस्तकांचंही तेच, ग्रंथालयाच्या दारात गठ्ठे नेऊन ठेवू नका, यादी पाठवा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, दादरचं १८९८ चं, त्यांच्याकडे बरंच काही असतंच, त्यांना हवं असेल ते सांगतील. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या मनोरंजनपासूनची, त्यामुळे जुने, विशेषतः छोट्या गावांतून निघालेले अंक असतील तर ते वेगळे काढ. आणि ट्रंकेत मोडी लिपीतले जुने कागद निघाले तर कृपा करून रद्दीत देऊ नकोस, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखव.

देवघरातले टाक मुलींनी नेऊ नयेत असं काही घरांत म्हणतात. माझ्या मते रोज पूजा जो करणार त्याच्याकडे जावेत, तू करणार असशील तर तुझ्याकडे. कोणालाच जमत नसेल तर घरच्या गुरुजींना विचारून देवळात द्या. वॉकर, कमोडची खुर्ची, पलंग रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात दे, लगेच कोणाच्या तरी उपयोगी पडतं.

एक गोष्ट मात्र मी तुझ्याजागी असते तर कोणाला दिली नसती, ती म्हणजे आईची हिशोबाची वही, असणारच कुठेतरी. दूधवाल्याचे खाडे, फराळाचं प्रमाण, तुमच्या शाळेच्या फिया, सगळं तिच्या अक्षरात. स्कॅन करून तिघांना पाठव आणि मूळ वही तुझ्याकडे ठेव.

प्रश्न : बाबा जाऊन दोन महिने झाले. त्यांचा फोन चालू आहे, रिचार्ज संपत आलाय. व्हॉट्सअपवर त्यांचे व्हॉइस मेसेज आहेत, आई ते ऐकत बसते. भाऊ म्हणतो नंबर बंद करून टाकू. काय करावं? (सांगली)

उत्तर : दादा, घाई नको, रिचार्ज करा. बँका, विमा, पीएफ सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, सगळे क्लेम होईपर्यंत तो लागेल. सिम नव्वद दिवस वापरात नसलं तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. व्हॉट्सअप खातं १२० दिवस वापर नसला की डिलीट होतं, गुगलचं दोन वर्षांनी, म्हणजे फोटोही जातात. आजच बसून चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करा, व्हॉइस मेसेज एकेक करून आईच्या फोनवर फॉरवर्ड करा म्हणजे तिला बाबांचा फोन मागावा लागणार नाही, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.

आणि हे जरा गंभीरपणे सांगते, पिन माहीत आहे म्हणून बाबांच्या एटीएममधून किंवा यूपीआयवरून पैसे काढू नका. सगळेच करतात असं वाटतं, पण उद्या भावाभावांत वाद झाला तर ते अंगाशी येतं. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन रीतसर क्लेम करा. पेन्शन येत असेल तर बँकेला लगेच कळवा, नंतर जमा झालेली रक्कम परत घेतली जाते, आणि आईची फॅमिली पेन्शन त्याच अर्जासोबत सुरू करून घ्या. ती सुरू झाली, क्लेम संपले, की मग नंबरचं काय करायचं ते आईला विचारून ठरवा.