जनुक सर्व पेशींत तेच, मग परिणाम एकाच ऊतीत का?

प्रश्न: आई-वडिलांकडून आलेला डीएनए शरीराच्या प्रत्येक पेशीत सारखाच असतो, असे आम्ही शाळेत शिकलो. मग एखादा आनुवंशिक फरक फक्त रक्तात किंवा फक्त यकृतात परिणाम दाखवतो, हे कसे? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर: आपण शिकलात ते बहुतांशी बरोबर आहे. मात्र पेशीत जनुक असणे आणि ते वाचले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकाच्या आसपास, कधी कधी बऱ्याच अंतरावरही, डीएनएचे छोटे नियंत्रक तुकडे असतात. त्यांवर विशिष्ट प्रथिने येऊन बसतात आणि त्या जनुकाच्या आरएनए प्रती (ज्यांवरून प्रथिन घडते) किती काढायच्या, हे त्यांवर ठरते. ही प्रथिने प्रत्येक प्रकारच्या पेशीत निरनिराळी असतात. त्यामुळे नियंत्रक तुकड्यातले एखादे अक्षर (डीएनएची अक्षरे चार: ए, टी, जी, सी) बदललेले असले, तरी तिथे बसणारे प्रथिन ज्या पेशीत आहे तिथेच तो बदल जाणवतो; इतर पेशींत तो नुसता पडून राहतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण डफी या रक्तगटाचे आहे. पश्चिम आफ्रिकेतील जवळजवळ सर्व लोकांमध्ये हा रक्तगट ठरवणारे डफी प्रथिन घडवणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीच्या किंचित अलीकडे ‘टी’ या अक्षराच्या जागी ‘सी’ आहे. नेमक्या त्याच ठिकाणी गाटा-१ हे प्रथिन बसते. जी, ए, टी, ए ही अक्षरे ओळखून ते डीएनएला चिकटते, म्हणूनच त्याचे हे नाव. एक अक्षर बदलताच त्याची ओळख चुकते. गाटा-१ अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडत असताना काम करते (पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, त्यामुळे जे ठरायचे ते आधीच ठरते). म्हणून आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत हा बदल असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशींवर डफी प्रथिन येत नाही. त्याच माणसाच्या सूक्ष्म शिरांच्या अस्तरात मात्र ते व्यवस्थित तयार होते. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरताना प्रामुख्याने याच प्रथिनाचा आधार घेत असल्याने अशा लोकांना त्या हिवतापापासून मोठे, जरी पूर्ण नव्हे तरी, संरक्षण मिळते. प्रथिनाच्या रचनेत काहीही बिघाड नाही. ते कुठे तयार व्हावे, एवढेच बदलले.

असे फरक एकेक करून शोधण्याऐवजी अमेरिकेत २०१० मध्ये ते अनेक ऊतींत एकदम शोधणारा ‘जीटीईएक्स’ (जीनोटाइप-टिश्यू एक्स्प्रेशन) हा प्रकल्प सुरू झाला. संशोधनासाठी जिवंत माणसाच्या मेंदूचा किंवा हृदयाचा तुकडा मागता येत नाही. म्हणून मुख्यतः मृत दात्यांच्या ऊती कुटुंबीयांच्या संमतीने घेतल्या गेल्या. २०२० च्या विश्लेषणात ८३८ दात्यांच्या ४९ प्रकारच्या ऊती व पेशींतील पंधरा हजारांहून अधिक नमुने होते. प्रत्येक दात्याचा डीएनए आणि त्याच्या प्रत्येक ऊतीतील आरएनएचे प्रमाण यांची सांगड घातल्यावर असे दिसले, की प्रथिने घडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या शेजारी त्याची अभिव्यक्ती (म्हणजे आरएनए प्रती निघण्याचे प्रमाण) कमी-जास्त करणारा एखादा तरी आनुवंशिक फरक कोणत्या ना कोणत्या ऊतीत सापडतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, हे परिणाम बहुधा दोन टोकांना असतात: एक तर जवळपास सर्व ऊतींत, नाही तर मोजक्याच ऊतींत. तेव्हा प्रत्येक फरक एकाच ऊतीपुरता असतो, असेही समजू नये.

प्रश्न: मग रक्त तपासून भागणार नाही का? आणि अमेरिकेतील हे निष्कर्ष आपल्याला लागू होतात का?

उत्तर: सर्व ऊतींत दिसणारे परिणाम रक्तातही दिसतात, केवळ मेंदूत किंवा यकृतात होणारे रक्ताच्या आरएनएमध्ये सापडत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. यंत्रणा सर्व माणसांत एकच आहे. परंतु त्या दात्यांपैकी सुमारे ८५ टक्के युरोपीय वंशाचे होते, आणि त्यांच्यात क्वचित आढळणारा फरक इतक्या कमी दात्यांमध्ये आकडेवारीत उमटतच नाही, मग तो इतरत्र कितीही सामान्य असो. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजारांच्या आसपास भारतीयांचे जनुकीय वाचन झाले, हे उत्तमच. पण त्यातून अक्षरे कळतात, ती कोणत्या ऊतीत काय करतात हे कळत नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून आपल्याकडे सामान्य असलेल्या अशा फरकाचे एक उदाहरण देतो. भारतीय रुग्णांपैकी बहुतेकांत गॅमा ग्लोबिन (गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा एक घटक) जनुकाच्या अलीकडे १५८ व्या अक्षराजवळ ‘सी’ ऐवजी ‘टी’ असते आणि त्याच्याशी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे वाढलेले प्रमाण निगडित आढळते. हे हिमोग्लोबिन तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याला आळा घालते. निरोगी माणसात हा फरक फारसा जाणवत नाही. अस्थिमज्जेला भराभर नव्या तांबड्या पेशी घडवाव्या लागतात, तेव्हाच तो ठळक होतो.