सळसळ ऐकू यावी, बार नको: इलेक्ट्रॉनिक इअरमफविषयी प्रश्नोत्तरे

शिकारीचा हंगाम जवळ आला की येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: ‘कान झाकले तर जनावर ऐकू कसं येणार?’ या वेळी निवडलेले बहुतेक प्रश्न त्याच वाक्याभोवती घुटमळणारे आहेत. मी कानाचा डॉक्टर, आणि बरीच वर्षं स्वतः बंदूक खांद्याला लावलेला माणूस. त्यामुळे उत्तरं दोन्ही बाजूंनी आली आहेत.

प्रश्न: नेमबाजीच्या सरावाला मी इअरमफ, म्हणजे कान झाकणारे कप, लावतोच. पण शिकारीत दिवसभरात एखादाच बार होतो, कधी तोही नाही. एका बारासाठी एवढा खटाटोप कशाला?

कारण एका बारानंही कान कायमचा जाऊ शकतो. कारखान्यातल्या आवाजाचा हिशेब वेळेवर चालतो: 85 डेसिबल असेल तर आठ तास, 88 असेल तर चार, म्हणजे दर 3 डेसिबलला मुदत निम्मी. बंदुकीला हा हिशेब लावताच येत नाही. प्रौढ माणसाच्या उघड्या कानावर 140 डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाज एकदाही पडू नये, असा दंडक आहे. साधी .22 रायफलच त्या रेषेच्या आसपास असते. मोठ्या काडतुसाची रायफल किंवा शॉटगन 150 ते 170 च्या घरात जाते. हे आकडे दिसतात तितके जवळचे नाहीत. 140 वरून 160 वर गेलात की हवेचा दाब दहापट होतो.

‘कान स्वतःला सावरतो की,’ असंही एकानं लिहिलं आहे. सावरतो, पण उशिरा. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आवळला जातो. त्याला लागतात सेकंदाचे काही शतांश भाग, आणि तोवर बार आत पोचून त्याचं काम झालेलं असतं. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी आवाज टिपतात त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शिकारीत आणखी एक फसगत होते. सावज समोर असताना सगळं लक्ष डोळ्यांत एकवटलेलं असतं, त्यामुळे बार मोठा वाटतच नाही. सरावाला कानठळ्या बसवणारी तीच रायफल रानात ‘ठप्प’ एवढीच वाजल्यासारखी वाटते. लक्ष नव्हतं म्हणून केसपेशींना सूट मिळत नाही.

माझाच पुरावा देतो. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. माझ्या श्रवण-आलेखात उजव्या कानाची रेघ बऱ्यापैकी सरळ जाते. डाव्याची 4000 हर्ट्झपाशी येते आणि विहिरीत पडावी तशी खाली जाते. ‘एकेका बारासाठी काय कान झाकायचे’ म्हणत घालवलेल्या सात-आठ हंगामांची ही पावती. आणि गंमत अशी की पाचोळ्यावरच्या पावलांची बारीक चुरचुर त्याच वरच्या पट्टीतली असते. ऐकू यावं म्हणून कान उघडे ठेवले आणि ऐकायचं होतं तेच गेलं.

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक इअरमफ बार ओळखून क्षणात ‘बंद’ होतो म्हणे. सर्किटला उशीर झाला तर? ऐन वेळी सेल संपले तर?

हा गैरसमज इतका पसरला आहे की दुकानदारही तोच सांगतात. इअरमफ ‘बंद’ व्हायचा नसतो, तो कायम बंदच असतो. कानाचं रक्षण करतो तो कप आणि त्याची मऊ गादी. इलेक्ट्रॉनिक्स फक्त बाहेरची बातमी आत आणतं: कपाबाहेर मायक्रोफोन, आत छोटा स्पीकर. त्या स्पीकरला साधारण 82 ते 85 डेसिबलच्या वर जायची मुभाच नसते. म्हणजे दार लावलेलं आहे आणि दाराआडून कुणीतरी हलक्या आवाजात सांगतंय, ‘डावीकडे काहीतरी हललं.’ बाहेर स्फोट झाला तरी सांगणारा ओरडत नाही.

सेल संपले तर सांगणारा गप्प होतो, दार लागलेलंच राहतं. तुमच्याकडे साधा इअरमफ उरतो, इतकंच.

फरक आहे तो बारानंतरच्या क्षणात. काही सर्किटं मोठा आवाज आला की स्पीकर तोडूनच टाकतात आणि अर्धा सेकंद वगैरे आत सगळं चिडीचूप होतं. काही सर्किटं आवाज न तोडता दाबून ठेवतात. शिकारीला दुसरी बरी, कारण बारापाठोपाठ सोबत्यानं ‘थांब!’ म्हटलेलं ऐकू येणं फार महत्त्वाचं असतं. विकत घ्यायच्या आधी इअरमफ कानाला लावून शेजारी कुणालातरी बोलायला सांगा आणि मध्येच टाळी वाजवायला लावा. टाळीनंतरचा शब्द तुटला तर ते सर्किट पहिल्या जातीचं.

प्रश्न: माझ्या इअरमफवर एनआरआर 23 लिहिलंय, म्हणजे आवाज किती डेसिबलनं घटतो तो आकडा. रायफल 165 डेसिबलची धरली तर 165 वजा 23 म्हणजे 142. मग तो लावूनही मी 140 च्या वरच की!

वजाबाकी बरोबर आहे, पण ती इथे लागू पडत नाही. एनआरआर हा आकडा प्रयोगशाळेत, सलग आवाजासाठी काढलेला असतो. बारासारख्या क्षणिक आवाजातली घट वेगळ्या पद्धतीनं मोजतात. नीट बसलेला कप बाराचं शिखर बऱ्याचदा त्या आकड्यापेक्षा जास्त कापतो. ही चांगली बातमी.

वाईट बातमी ‘नीट बसलेला’ या दोन शब्दांत आहे. प्रत्यक्ष वापरात संरक्षण किती धरावं यासाठी अमेरिकेतली नायॉश ही संस्था इअरमफच्या आकड्यातून पाव भाग कापायला सांगते आणि कानात घालायच्या फोमच्या प्लगच्या आकड्यातून चक्क निम्मा. पाकिटावरचा आकडा ही जास्तीत जास्तची हद्द समजा. युरोपातल्या पाकिटांवर एसएनआर असतो. तो निराळा आकडा आहे, एनआरआरशी त्याची तुलना करू नका.

मोठी रायफल, आखूड नळी, किंवा नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक लावलेला असेल तर माझा सल्ला एकच: आत फोमचे प्लग आणि वरून इलेक्ट्रॉनिक इअरमफ. बंद लपणीतून बार काढत असाल तरी हेच, कारण तिथे भिंती आवाज परत तुमच्याच अंगावर टाकतात. दोन्ही लावले म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही. ज्याचा आकडा मोठा त्यात साधारण 5 डेसिबलची भर, एवढंच धरा. कवटीच्या हाडातूनही आवाज आत जातो आणि ती वाट कुठलाच प्लग अडवत नाही. पण हे 5 डेसिबल मोलाचे आहेत. शिवाय इअरमफचा आवाज वाढवला की प्लगमधूनही सोबत्याचं बोलणं बऱ्यापैकी समजतं.

फक्त प्लग नीट घाला. दोन बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं दाबून धरायची. अर्धा प्लग बाहेर लोंबत असेल तर तो कानातला दागिना आहे.

प्रश्न: मला चष्मा आहे. शिवाय गाल कुंद्याला टेकवला की उजवा कप वर उचलला जातो. काही उपाय?

या पत्राला बक्षीस द्यायला हवं होतं. सर्किटविषयी शंभर पत्रं येतात, गादीविषयी एखादंच.

मी एकदा एका मित्राला बंदूक धरायला लावून मागून पाहिलं होतं. उभा होता तेव्हा इअरमफ झकास बसला होता. त्यानं मान झुकवली, गाल लाकडाला लागला, आणि कपाची खालची कड कुंद्यावर आपटून वर सरकली. जबड्याच्या कोपऱ्यापाशी करंगळी जाईल एवढी फट. त्याला पत्ताच नाही! म्हणजे दिवसभर कान झाकलेले, आणि नेमक्या बाराच्या क्षणी उघडे.

तुम्हीही हीच तपासणी करा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहा, नेम धरा आणि सोबत्याला फट बघायला सांगा. फट दिसली तर खालून निमुळता, पातळ कप घ्या. तेवढ्यानं भागत नसेल तर कानाच्या आत बसणारे इलेक्ट्रॉनिक प्लग घ्या. रायफलवाल्यांना मला खरं तर तेच जास्त पटतात. चष्म्याची काडी जाड असेल तर गादी तिच्यावर तंबूसारखी ताणली जाते आणि दोन्ही बाजूंना बोगदे तयार होतात. पातळ, चपट्या काड्यांची फ्रेम आणि जेलची गादी असेल तर बराच फरक पडतो. टोपीची कड, लांब केस, दाट दाढी हेही गादीखाली येऊ देऊ नका. आणि गादी कडक होऊन तडकली की बदला. ती सुटी मिळते.

प्रश्न: इअरमफमधून आवाज स्पष्ट येतो, पण कुठून आला ते कळत नाही. एकदा मागची खसखस मी समोरची समजलो.

तुमचं काही चुकलेलं नाही, ही या उपकरणाची खरीखुरी उणीव आहे. डावं-उजवं आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. आवाज एका कानाला आधी आणि थोडा मोठा पोचतो. वेळेतला हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पाऊण पट असतो, तरी मेंदू तो पकडतो. दोन्ही कपांना वेगवेगळा मायक्रोफोन असेल तर हा फरक बराचसा टिकतो. एकाच मायक्रोफोनचा इअरमफ शिकारीला घेऊच नका. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं मात्र कानाच्या पाळीच्या वळ्या सांगतात, आणि पाळी तर कपात कोंडलेली.

दोन गोष्टींचा उपयोग होतो. आवाज आल्यावर मान थोडी वळवा. समोरचा आणि मागचा आवाज उलट दिशांना सरकतो आणि मेंदू उलगडा करतो. आणि दोन्ही बाजूंचा आवाज सारखा ठेवा. एक बाजू वाढवली की सगळं रान त्या बाजूला झुकतं. एरवीही नियम तोच: आवाजाच्या दिशेनं बंदूक वळवायची नाही, डोळ्यांनी ओळख पटल्याशिवाय चापावर बोट नाही.

प्रश्न: वाऱ्यात नुसता घोंघाट येतो.

मायक्रोफोनवर फोमची टोपी बसवा आणि आवाज कमी करा. नवखे लोक आवाज पूर्ण वाढवून बसतात आणि स्वतःच्या जाकिटाची कुरकुर ऐकत राहतात. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, लिथियमचे टिकतात. हंगाम संपला की सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून खाच खातात.

प्रश्न: मला श्रवणयंत्र आहे. बार काढताना ते बंद केलं तर प्लगसारखं चालेल ना?

नाही. बऱ्याच श्रवणयंत्रांच्या साच्यात मुद्दाम हवेसाठी छिद्र ठेवलेलं असतं, त्यातून बार सरळ आत जातो. श्रवणयंत्र काढून डबीत ठेवा आणि प्रत्येक कानाचा आवाज वेगळा वाढवता येईल असा इलेक्ट्रॉनिक इअरमफ लावा. उरलेलं ऐकणं जपायची गरज तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे.

प्रश्न: माझा दहा वर्षांचा मुलगा सोबत येतो. तो बार काढत नाही, फक्त शेजारी बसतो. त्यालाही लागेल?

आधी त्याला लावा, मग स्वतःला. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 140 नसून 120 डेसिबल आहे. आणि शेजारी बसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. ब्रेक लावलेली रायफल वायू बाजूंना फेकते, तेव्हा शेजारच्याला बार काढणाऱ्यापेक्षाही जास्त दणका बसू शकतो. मोठ्यांचा इअरमफ आवळून चालत नाही, लहान डोक्याचाच घ्या. त्याला तुमच्या मागे बसवा, नळीच्या बाजूला नको.

सायलेन्सरविषयी दोघांनी विचारलं आहे. कायदा परवानगी देत असेल तर अवश्य लावा, 20 ते 30 डेसिबल कमी होतात. पण आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या गोळीचा कडाका त्यानं थांबत नाही, आणि मोठी रायफल 140 च्या आसपासच राहते. इअरमफ काढू नका.

प्रश्न: परवा कान न झाकता बार झाला. तेव्हापासून डाव्या कानाला दडा बसलाय आणि आत शिट्टी वाजतेय. आपोआप जाईल का?

कधी कधी जातो. पण तुम्ही ‘परवा’ लिहिलंत आणि हे छापून येईपर्यंत किती दिवस गेले असतील, याचीच मला काळजी वाटते. दुसऱ्या दिवशीही दडा किंवा शिट्टी कायम असेल तर वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. स्टेरॉइडसारखे उपचार द्यायचे झाले तर ते सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडतात, महिन्यानं आलेल्या माणसासाठी आमच्या हातात फारसं काही उरत नाही. कान दुखत असेल, रक्त किंवा पाणी येत असेल, चक्कर येत असेल तर त्याच दिवशी जा. कानात तेल, थेंब, कापसाची काडी काहीही घालू नका, आणि तोवर दुसरा बार तर नकोच. जाताना कागदावर लिहून न्या: कोणती बंदूक, किती बार, कुठल्या बाजूला उभे होतात, दडा कधी बसला. श्रवण-चाचणी मात्र त्याच भेटीत करून घ्या.